संमेलनाच्या रंगमंचावरचे गडकरी मास्तर

राम गणेश गडकरी यांचे नाव सावनेरशी जोडले गेले ते त्यांच्या मृत्यूमुळे. जन्म नवसारीचा, २६ मे १८८५ चा. शिक्षण पुण्याचे. कीर्ती पुण्या-मुंबईच्या नाटकगृहांतली. आमच्या गावाच्या वाट्याला आले ते त्यांचे अखेरचे आजारपण आणि २३ जानेवारी १९१९ हा दिवस. क्षयाने पोखरलेला, जेमतेम तेहतीस वर्षांचा हा नाटककार येथे भावाच्या घरी विसाव्याला आला, तो परत गेला नाही. तेव्हा गडकरी आमचे, असे म्हणताना सावनेरकरांनी जरा जपूनच म्हणावे. आम्ही त्यांना पाहिले ते अंथरुणावर. रंगमंचावरच्या टाळ्या इतरांनी ऐकल्या.

पण त्यांच्या पुण्यतिथीची वेळ मोठी विलक्षण आहे. डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडच्या शाळांतील स्नेहसंमेलनांचे दिवस. दुपारी मैदानावर आनंदमेळावा भरतो. पाचवी-सहावीची मुले घरून आणलेल्या शेगडीवर आलुबोंडे तळतात, कोणी चिवड्याच्या पुड्या बांधून विकतो, हिशेबात चार आणे कमी आले की वर्गशिक्षक ते मुकाट्याने आपल्या खिशातून भरतात. संध्याकाळी बाके जोडून त्यांवर सतरंज्या अंथरल्या जातात. चित्रकलेच्या मास्तरांनी रंगवलेला राजवाड्याचा पडदा वर्षानुवर्षे राजवाडा, देऊळ आणि वकिलाचा दिवाणखाना अशा तिन्ही भूमिका बजावतो. छातीवर कागदी बिल्ले लावलेले स्वयंसेवक पुढच्या रांगेतील पाहुण्यांना पाणी देतात आणि मागच्या रांगेतील टारगटांना दटावतात. पडद्याआड एक मास्तर हातात वही घेऊन प्रत्येक पात्राच्या आधी प्रत्येक वाक्य पुटपुटत असतात. पुष्कळदा ते वाक्य गडकऱ्यांचे असते. मोठ्या नाटक मंडळ्या बुडाल्या, त्यांचे कनाती-पडदे विकले गेले. तरी गडकरी खेडोपाडी पोचले ते या वही धरणाऱ्या मास्तरांमुळे.

गडकरी स्वतः अशाच मास्तरकीतून नाट्यसृष्टीत आले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वडील लवकर गेले. घरची स्थिती बेताची. फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले, पण पदवी पदरी पडली नाही. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांना काम मिळाले ते नटाचे नव्हे, नाटककाराचे तर नव्हेच. मंडळीतील मुलांना शिकवण्याचे. त्या काळी नाटक कंपनीत लहान मुले नटाचा पोर म्हणून वाढत, शाळा सुटलेली असे, अक्षरओळख कच्ची असे. त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचे, उच्चार सुधारायचे, अशी ती नोकरी. लेखक होऊ पाहणाऱ्या तरुणाला ती कमीपणाची वाटली असती तर नवल नव्हते. परंतु मला वाटते, पुढे गडकऱ्यांची जी भाषा रंगभूमीवर गाजली, तिचा सराव येथेच झाला असावा. वाक्य तोंडात कसे बसते, मुलाची जीभ कोठे अडखळते, श्वास कोठे संपतो, हे रोजच्या रोज कानांनी पाहायला मिळालेला दुसरा नाटककार आपल्याकडे क्वचितच सापडेल.

गुरू त्यांनी मानला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. कोल्हटकर आपल्या नागपूरचेच जन्माचे, आणि वकिलीही वऱ्हाडातली. म्हणजे गडकऱ्यांचा विदर्भाशी संबंध केवळ मृत्यूचा नाही, शिष्यत्वाचाही आहे. हे आम्ही कधी अभिमानाने सांगत नाही, ही आमची जुनी सवय. कोल्हटकरांकडून त्यांनी कोटी घेतली, विनोद घेतला आणि दोन्हींना आपल्या उधळ्या स्वभावाप्रमाणे मुक्त हस्ताने खर्च केले. कविता त्यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिली, विनोद ‘बाळकराम’ या नावाने. १९१२ च्या सुमारास ‘प्रेमसंन्यास’ रंगभूमीवर आले, १९१६ मध्ये ‘पुण्यप्रभाव’. मुलांसाठी ‘चिमुकली इसापनीती’ लिहिली. बाळकरामांच्या लेखनात ‘सकाळचा अभ्यास’ आणि ‘दीड पानी नाटक’ अशी चिमुकली प्रकरणे आहेत, ती तर शाळेसाठीच जन्मली असे वाटावे.

संमेलनाच्या मास्तरांना गडकरी का लागतात, याची कारणे साधी आहेत. मुलांच्या शाळेत स्त्रीभूमिकेची पंचाईत असे. ‘प्रेमसंन्यासा’तला विसरभोळा गोकुळ किंवा ‘भावबंधना’तले धुंडिराज आणि कामण्णा यांना साडी-चोळी लागत नाही. सामानसुमान लागत नाही. गाणी वगळता येतात. लांबलचक भाषणे पाठ करणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती सगळ्या गावाला दिसते आणि त्याच्या आईचे डोळे भरून येतात. अडचण एकच, ‘एकच प्याला’. दारूच्या नाशकारक परिणामांवर एवढे भेदक नाटक मराठीत दुसरे नाही, म्हणून मुख्याध्यापकांना ते हवे असते. पण प्रेक्षकांना हवा असतो तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ. बाटलीत काळा चहा भरून बारा वर्षांचे पोर झिंगू लागले की मैदान हसून लोळते आणि पुढच्या रांगेतील पाहुणे घड्याळ पाहू लागतात. सिंधूच्या दुःखापर्यंत शाळेचा प्रयोग बहुधा पोचतच नाही. याचा दोष मी मास्तरांना देणार नाही. तळीराम इतका रंगवून ठेवला तो गडकऱ्यांनीच.

या नाटकाचा प्रयोग मात्र त्यांना पाहायला मिळाला नाही. सावनेरला ते आले तेव्हा ‘एकच प्याला’ लिहून झाले होते. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. सावनेरच्या त्या अखेरच्या दिवसांत, ताप आणि खोकला यांतून मिळेल तेवढ्या वेळात, त्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. ‘वेड्यांचा बाजार’ अपुरे राहिले. मृत्यूनंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. ‘भावबंधन’ बळवंत संगीत मंडळीने केले. ‘वाग्वैजयंती’ हा कवितासंग्रहही मागाहूनच निघाला.

गडकऱ्यांना गुरुस्थानी मानणारे आचार्य अत्रे हेही शाळामास्तर. पुण्याच्या कँपातील शाळेचे मुख्याध्यापक असताना त्यांनी शाळेच्या संमेलनासाठीच ‘गुरुदक्षिणा’सारखी नाटके लिहिली आणि त्या हौसेतून पुढचा नाटककार घडला. नाटक कंपनीतील पोरांना शिकवणारे गडकरी आणि शाळेतील पोरांना उभे करणारे अत्रे, ही परंपरा नाट्यसमीक्षेच्या ग्रंथांत फारशी आढळत नाही. तिथे शाळेच्या संमेलनाला जागा नसते.

आता एक अवघड गोष्ट. संमेलनात ‘राजसंन्यासा’तील उतारे म्हणण्याची मोठी प्रथा होती. या नाटकातील संभाजीमहाराजांचे चित्र जुन्या बखरींच्या वळणाचे आहे. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये आणि कमल गोखले यांनी १९७१ मध्ये कागदपत्रांच्या आधारे वेगळे संभाजीमहाराज उभे केले, आणि बखरीचे ते चित्र टिकले नाही. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून उखडून मुठेच्या पात्रात टाकण्यात आला. तो प्रकार मला लाजिरवाणा वाटतो. पण म्हणून इतिहासाचे नवे संशोधन बाजूला ठेवून जुने उतारे तसेच मुलांच्या तोंडी द्यावेत, असेही मला वाटत नाही. ही निवड अखेर वही धरणाऱ्या मास्तरांनाच करावी लागते, आणि ती त्यांच्यावर एकट्यावर सोडून आपण सारे प्रेक्षकांत बसतो. भीतीपोटी काही मास्तर गडकऱ्यांनाच वगळतात आणि ध्वनिफितीवरच्या सिनेगीतावर नाच बसवतात. नाच बसवायला सोपा असतो, वर्गणीही पुष्कळ जमते.

सावनेर हे सीमेवरचे गाव. छिंदवाड्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की मध्य प्रदेश लागतो. आपल्या वर्गांत घरी हिंदी बोलणारी मुले पुष्कळ असतात, आणि गडकऱ्यांचे जोडाक्षरांनी भरलेले वाक्य त्यांना झेपेल काय, अशी शंका दर वर्षी निघते. अशा वेळी मास्तरांनी त्या मुलाला एवढेच सांगावे की, ज्याचे हे वाक्य आहे त्याचे बालपण गुजराती बोलणाऱ्या मुलांत गेले होते. आणि मग तालमीला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी.