न्या. तारकुंडे : मताधिकाराचे जागरूक राखणदार

निवडणुका वेळेवर पार पडल्या की लोकशाही आपोआप सुरक्षित राहते, ही समजूत न्या. विठ्ठल महादेव तारकुंडे यांनी कधीच मान्य केली नाही. मताचे मोल टिकवायचे, तर सत्तेबाहेरच्या नागरिकांनी संघटित व्हायला हवे, या निष्ठेवर त्यांचे उत्तरायुष्य उभे होते.

३ जुलै १९०९ रोजी सासवड येथे त्यांचा जन्म झाला. लंडनहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी पुण्यात वकिली सुरू केली. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांच्या प्रभावाने १९४२ मध्ये ती सोडून त्यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्याला वाहून घेतले. १९४८ मध्ये तो पक्ष विसर्जित झाला. पक्षीय सत्तेपेक्षा जागृत नागरिक श्रेष्ठ, हा रॉय यांचा धडा मात्र तारकुंडे यांच्या मनात कायम राहिला. १९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६९ मध्ये पदाचा राजीनामा देऊन त्यांनी सर्वोच्च न्यायालयात वकिली आरंभली.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत त्यांनी 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संघटना उभारली. त्याच वर्षी जयप्रकाशांनी नेमलेल्या निवडणूक सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. समितीला सरकारी अधिकार नव्हता; होते ते केवळ नैतिक बळ. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणावे, पक्षांना जमाखर्चाचे हिशेब ठेवणे बंधनकारक करावे आणि निवडणूक आयुक्तांची निवड पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांच्या समितीकडे सोपवावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. सामन्यातील एकाच बाजूने पंच नेमू नये, हे त्यामागचे साधे तत्त्व.

१९७५ मध्ये अहवाल आला आणि त्याच वर्षी आणीबाणी. तारकुंडे स्थानबद्धांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या संघटनेचे, म्हणजे पुढच्या 'पीयूसीएल'चे, ते आधारस्तंभ ठरले.

१९८९ मध्ये अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार मिळाला. २००३ मध्ये 'पीयूसीएल'च्या याचिकेवर, उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी व मालमत्ता जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. २२ मार्च २००४ रोजी तारकुंडे यांचे निधन झाले.

आयुक्तांच्या निवडीचा प्रश्न मात्र त्यांच्यामागेही धगधगत राहिला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संसद कायदा करीपर्यंत, तशीच त्रिसदस्य समिती नेमण्याचा आदेश दिला. डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आणला. तारकुंडे यांनी आरंभलेले काम अपुरे आहे, याची ही खूण होय.