अतिशीताचा उपासक : हाइके कामरलिंग ओन्नेस

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे कौलांच्या एका कारखानदाराच्या घरी २१ सप्टेंबर १८५३ रोजी हाइके कामरलिंग ओन्नेस यांचा जन्म झाला. हायडेलबर्गला बुन्सेन व किर्खहोफ यांच्यापाशी अध्ययन करून १८८२ मध्ये ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. वायू द्रवरूप करून त्या शीततेत पदार्थांचे गुणधर्म मोजणे हे त्यांचे जीवितकार्य ठरले. दाबाखालील वायूंचा स्फोट होईल या नागरिकांच्या भीतीने १८९५ पासून तीन वर्षे त्यांचे प्रयोग अडले. पण ते खचले नाहीत. उपकरणे घडविणारे कारागीर हवेत, म्हणून तरुणांना ती विद्या शिकविण्याची सोयही त्यांनी केली. अखेर १० जुलै १९०८ रोजी, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या सुमारास, हेलियम द्रवरूप झाला.

८ एप्रिल १९११ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा झाल्याचे आढळले. हीच अतिसंवाहकता. मोजणीत सहायक होल्स्ट यांचा वाटा मोठा होता; मात्र निबंधावर नाव एकट्या ओन्नेस यांचे आले. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रोधहीन तारांच्या वेटोळ्यांतून एक लाख गौसचा चुंबक उभारण्याचे त्यांचे स्वप्न होते. परंतु काहीशे गौसच्या चुंबकी क्षेत्रातच शिशाची अतिसंवाहकता मावळते, हे त्यांनाच आढळले. स्वप्न अपुरे ठेवून २१ फेब्रुवारी १९२६ रोजी ते निवर्तले.

कमरीपेठेतील वाचकास लायडन दूरचे वाटेल. पण एमआरआय यंत्रांतील अतिसंवाहक चुंबक, नायोबियम-टिटॅनियम मिश्रधातूच्या तारांचे आणि द्रव हेलियमने थंड राखलेले, हे त्याच प्रयत्नांचे फळ होय.

चुंबकत्वाच्या या वैराचे कारण १९५७ मधील सिद्धान्ताने उलगडले. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात. जोडीतील दोन सूक्ष्म चुंबकांची तोंडे परस्परविरुद्ध असतात. बाह्य क्षेत्र दोघांनाही एकाच दिशेस वळवू पाहते आणि जोडी तुटते. १९८० मध्ये कार्बनी रेणूंच्या स्फटिकातही अतिसंवाहकता आढळल्याचे जाहीर झाले. पुढे २००१ मध्ये जपानी संशोधकांनी लोहयुक्त अशा एका रेणवीय स्फटिकात उलटाच चमत्कार दाखविला. क्षेत्र नसता तो विद्युत्‌रोधक असतो. रेणूंच्या थरांना समांतर असे सुमारे १,७०,००० गौसचे क्षेत्र लावताच अतिसंवाहक होतो. लोहाच्या अणूंचा इलेक्ट्रॉनांवरील प्रभाव आणि बाह्य क्षेत्र परस्परांस छेद देतात, म्हणून जोड्या टिकतात. ओन्नेस यांच्या स्वप्नातील लाख गौसच्याही पलीकडे, त्यांना आडवे आलेले चुंबकत्वच तेथे अतिसंवाहकतेचे साहाय्यक झाले.