मदर तेरेसा : आईच्या भेटीविना ४४ वर्षे

नवी दिल्ली – राजधानीत राष्ट्रपती भवनाच्या परिसरालगत असलेला पूर्वीचा विलिंग्डन क्रेसेंट हा मार्ग आज मदर तेरेसा यांच्या नावाने ओळखला जातो. अल्बानियाची राजधानी तिराना येथील आंतरराष्ट्रीय विमानतळालाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे. मात्र याच तिराना शहरात राहणाऱ्या वृद्ध आईला भेटण्यासाठी मदर तेरेसा यांना कधीही प्रवेश मिळू शकला नाही. धर्मश्रद्धेलाच गुन्हा ठरविणाऱ्या राजवटीने एका कुटुंबाची केलेली ही ताटातूट त्यांच्या जीवनाचा फारसा परिचित नसलेला भाग आहे.

मदर तेरेसा यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये येथे एका अल्बानियन कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव आग्नेस गोंजा बोयाजिऊ. त्यांच्या लहानपणीच, १९१९ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि आगा, लाझार व आग्नेस या तीन मुलांचा सांभाळ आई द्राने यांनी केला. १९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आग्नेस यांनी लोरेटो संघात प्रवेश घेण्यासाठी घर सोडले. आईची आणि त्यांची ती अखेरची भेट ठरली.

जानेवारी १९२९ मध्ये त्या भारतात आल्या. कोलकात्यात अध्यापन केल्यानंतर १९४८ मध्ये त्यांनी मठाबाहेर पडून गरिबांच्या वस्तीत काम सुरू केले. त्यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेला १९५० मध्ये चर्चची मान्यता मिळाली. त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. १९६० च्या सुमारास संस्थेचे कार्य बंगालबाहेर पोहोचले, तेव्हा आरंभीच्या केंद्रांमध्ये दिल्लीचा समावेश होता. येथील अनाथ बालकांसाठीच्या शिशुभवनाच्या उद्घाटनाला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते.

दरम्यान, १९३० च्या दशकात त्यांची बहीण आगा आणि आई द्राने तिराना येथे स्थायिक झाल्या होत्या. आगा यांनी तिराना रेडिओवर निवेदिका म्हणून काम केले. १९४४ मध्ये एन्व्हर होजा यांच्या नेतृत्वाखाली साम्यवाद्यांनी अल्बानियाची सत्ता ताब्यात घेतली आणि परिस्थिती पालटली. परदेशी धर्मगुरूंना देशाबाहेर घालविण्यात आले आणि धार्मिक शाळा बंद करण्यात आल्या. बिशप फ्रानो जिनी यांना १९४८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या, तर आर्चबिशप व्हिन्चेंक प्रेनुशी यांचा १९४९ मध्ये तुरुंगात मृत्यू झाला.

१९६७ मध्ये सर्व धर्मस्थळे बंद करण्याची मोहीम राबविण्यात आली. दोन हजारांहून अधिक चर्च, मशिदी आणि मठ पाडण्यात आले किंवा अन्य वापरात आणले गेले. श्कोदर येथील कॅथेड्रलचे क्रीडागृहात रूपांतर झाले. अल्बानिया हे जगातील पहिले निरीश्वरवादी राष्ट्र असल्याचे घोषित करण्यात आले. १९७६ च्या राज्यघटनेने कोणत्याही धर्माला मान्यता नाकारली आणि पुढील वर्षी धर्मप्रचारासाठी कारावासाची शिक्षा निश्चित झाली. अल्पसंख्य कॅथलिकांप्रमाणेच ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि बहुसंख्य मुस्लिम समाजालाही या दडपशाहीची झळ पोहोचली.

बोयाजिऊ कुटुंबासाठी या धोरणाचा अर्थ कायमचा वियोग हा होता. भाऊ लाझार इटलीत राहत असल्याने मदर तेरेसा त्यांना १९६० मध्ये रोम येथे भेटू शकल्या. आई आणि बहीण यांना मात्र देशाबाहेर पडण्याची परवानगी नव्हती. मदर तेरेसा यांनी रोममधील अल्बानियाच्या दूतावासात जाऊन विनंती केली. अन्य देशांच्या मुत्सद्द्यांमार्फतही प्रयत्न झाले. पण तिरानाचा नकार कायम राहिला.

याच काळात भारतात त्यांना पद्मश्री आणि नेहरू पुरस्कार मिळाले होते. देशोदेशीचे नेते त्यांचे स्वागत करीत होते. तरीही जुलै १९७२ मध्ये द्राने यांचे निधन झाले, तेव्हा मदर तेरेसा अंत्यदर्शनालाही जाऊ शकल्या नाहीत. त्यानंतर काही काळातच आगा यांचाही मृत्यू झाला.

साम्यवाद्यांचा त्यांना आलेला अनुभव सर्वत्र सारखा नव्हता. १९७७ पासून पश्चिम बंगालमध्ये निवडणुकीद्वारे सत्तेवर आलेले डाव्या आघाडीचे सरकार होते. मुख्यमंत्री ज्योती बसू यांच्याशी त्यांचे संबंध अखेरपर्यंत सौहार्दाचे राहिले. धर्मांतरावर निर्बंध घालणारे एक खासगी विधेयक लोकसभेत आले असता, १९७९ मध्ये त्यांनी पंतप्रधान मोरारजी देसाई यांना खुले पत्र लिहून विरोध नोंदविला. भारतात त्यांना जे जाहीरपणे करता आले, ते अल्बानियात त्यांच्या आईला आणि बहिणीला करणे शक्य नव्हते. १९७९ मध्येच त्यांना नोबेल शांतता पुरस्कार आणि १९८० मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

होजा यांचे १९८५ मध्ये निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये, मदर तेरेसा यांना प्रथमच अल्बानियात प्रवेश मिळाला.  त्यांनी आई आणि बहिणीच्या कबरींचे दर्शन घेतले. याच भेटीत त्यांनी होजा यांच्या समाधीवरही पुष्पचक्र अर्पण केले आणि त्याबद्दल त्यांच्यावर पुढे टीका झाली.

नोव्हेंबर १९९० मध्ये श्कोदर येथे अनेक वर्षांनंतर उघडपणे मिस्सा साजरी झाली आणि तिला हजारो लोक उपस्थित राहिले. १९९१ मध्ये मदर तेरेसा यांच्या संस्थेचे केंद्र तिराना येथे सुरू झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी एप्रिल १९९३ मध्ये अल्बानियाला भेट देऊन श्कोदरच्या कॅथेड्रलमध्ये चार बिशपांना दीक्षा दिली, त्या वेळी मदर तेरेसा तेथे उपस्थित होत्या.

मदर तेरेसा यांचे ५ सप्टेंबर १९९७ रोजी कोलकाता येथे निधन झाले आणि त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संतपद प्रदान करण्यात आले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी, साम्यवादी राजवटीत प्राण गमावलेल्या ३८ जणांना श्कोदर येथे हुतात्मे म्हणून धन्यवादित घोषित करण्यात आले. बिशप जिनी आणि आर्चबिशप प्रेनुशी यांचा त्यांत समावेश आहे. द्राने आणि आगा यांची नावे अशा कोणत्याही यादीत नाहीत. मात्र त्या छळाची किंमत त्यांनीही मोजली होती.