जॉन बॉइड डनलॉप

कित्येक थोर पुरुषांचीं नांवें आपणांस ग्रंथांतून वाचावयास मिळतात. डनलॉप हें नांव मात्र आम्ही रस्त्यावर, गाड्यांच्या चाकांवर वाचीत आलों आहों. तें एका कारखान्याचें नांव, अशीच पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें एका गुरांच्या डॉक्टराचें नांव होय, व त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं मनन करण्याजोगें आहे.

जॉन बॉइड डनलॉप याचा जन्म स्कॉटलंडांतील ड्रेगहॉर्न या गांवीं ता. ५ फेब्रुवारी १८४० रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. एडिंबरो येथें पशुवैद्यकाचें शिक्षण घेऊन तो लहान वयांतच उत्तीर्ण झाला. १८६७ सालीं तो आयर्लंडांत गेला, आणि पुढें बेलफास्ट शहरीं त्याचा धंदा चांगलाच भरभराटीस आला.

आपल्याकडील बैलगाडीच्या चाकास जशी लोखंडी धांव असते, तशी त्या काळीं सायकलच्या चाकास भरीव रबराची पट्टी असे. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. डनलॉपचा मुलगा जॉनी तीनचाकीवर बसला कीं प्रत्येक दगडाचा हिसका त्याच्या अंगास बसे. १८८७ सालीं बापानें एक लांकडी तबकडी घेतली, पातळ रबराची नळी तिच्या कडेस कापडानें आवळून बसविली, व फुटबॉलच्या पंपानें तींत हवा भरली. मग तीनचाकीचें जुनें चाक आणि हें नवें चाक त्यानें अंगणांत घरंगळत सोडलीं. जुनें वाटेंतच आडवें पडलें. नवें पलीकडच्या फाटकावर आदळून उलट मागें आलें! कारण उघड आहे. भरीव चाक दगडावर चढलें कीं सारी गाडी उचलली जाते. हवेचें चाक दगडास आपल्या पोटांत जागा देतें, म्हणून गति फुकट जात नाहीं.

डिसेंबर १८८८ मध्यें त्यास पेटंट मिळालें. पुढील वर्षीं मे महिन्यांत विली ह्यूम या सायकलपटूनें बेलफास्टच्या शर्यतींत हीं चाकें वापरून जय मिळविला. लागलीच हार्वे ड्यू क्रॉस याच्या पुढाकारानें डब्लिन येथें कंपनी स्थापन झाली. परंतु थोड्याच काळांत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉच गृहस्थानें हीच कल्पना १८४५ सालीं पेटंट केली होती! थॉमसनचीं चाकें लंडनमध्यें घोड्याच्या गाडीवर चाललींही होतीं. पण त्या वेळीं सायकलचा प्रसार नव्हता, म्हणून लोक तीं विसरून गेले. डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें. तें त्यानें आधींच शेअरांच्या मोबदल्यांत देऊन टाकलें होतें. पुढें तो कंपनींतून बाहेर पडला. अपार संपत्ति मिळाली ती इतरांस. ता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं तो डब्लिन येथें निवर्तला.

मग मान कोणाचा? आमच्या मतें दोघांचाही. थॉमसननें बीं पेरलें. डनलॉपनें, त्याची वार्ताही नसतां, पोटच्या पोराचे हाल पाहून तेंच झाड पुनः लावलें, व तें जगलें.

आज पाश्चात्य देशांत लोक मोटारीमागें अवजड फिरतीं घरें जोडून प्रवासास निघतात. अशा घराचे झिजलेले टायर बदलतांना जाणता मनुष्य किंमतीच्या आधीं दोन गोष्टी पाहतो : सामानसुमानासह घराचें वजन त्या टायरास सोसेल काय, आणि त्यासाठीं आंत हवेचा दाब किती हवा. कारण ओझें मुख्यतः हवाच वाहते, रबर तिला कोंडून धरतें. दाब कमी पडला, तर उत्तम टायरही तापून फाटतो. मनुष्याचेंही तसेंच आहे. बाहेरील डौल कितीही असो, अंतर्यामीं भरणा नसेल तर संसाराचें ओझें निभत नाहीं. विद्यार्थ्यांनीं ही भरती शाळेच्या दिवसांतच करून ठेवावी, हीच आमची इच्छा.