गाडगेबाबांचा हिशेब



आपल्या नवेगाव बांधचा तलाव आपण रोज पाहतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधली वाट पाळ घालून अडवली आणि हा तलाव उभा केला, हे येथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. चार महिन्यांचा पाऊस धरून ठेवायचा आणि धानाच्या बांध्यांना लागेल तसा सोडायचा, ही त्या लोकांची समज. पाण्याच्या बाबतीत आपल्या मुलखाने ही समज तीनशे वर्षे सांभाळली. पैशाच्या बाबतीत मात्र तसे म्हणवत नाही. धान विकून हाती आलेली रक्कम लग्नसराईत कशी वाहून जाते, हे आपणांस मी काय सांगावे? मंगनी, हळद, मांडव, वलीमा, वाजंत्री, जहेज. आणि मग जून महिन्यात, शाळा उघडताना, मुलीच्या फीसाठी घरात पैसा नसतो.

म्हणून यंदा आपल्यासमोर विदर्भातल्याच एका माणसाचे चरित्र ठेवीत आहे. ते आपल्या समाजातले नव्हते. पण इस्राफला आपल्या धर्मात मनाई आहे हे आपण जाणताच, आणि ती मनाई आयुष्यभर पाळून दाखवणारा माणूस कोठेही भेटला तरी त्याच्याजवळ थोडे बसावे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांना दारूचे व्यसन होते. त्यातच घरची जमीनजुमला गेली आणि वडीलही गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी, आली. मुलगा मामा चंद्रभान यांच्या घरी वाढला. गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले.

यापुढचा प्रसंग विद्यार्थ्यांनी नीट वाचावा. मामा कष्टाळू होते, पण त्यांना अक्षरओळख नव्हती. सावकाराने पुढे केलेल्या कागदांवर ते अंगठा उठवीत गेले. कर्ज फेडले असे त्यांना वाटे. कागद मात्र वेगळेच सांगत. अखेर शेत सावकाराच्या नावावर गेले आणि त्या धक्क्याने मामा खचून मरण पावले. डेबूजींनी शेत सोडायला नकार दिला, सावकाराच्या माणसांसमोर ते उभे राहिले. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी त्यांच्या मनात खिळ्यासारख्या बसल्या. एक, ऋण काढून काही करू नये. दुसरी, ज्याला वाचता येत नाही त्याचे शेत वाचत नाही. पुढे पन्नास वर्षे त्यांनी जे सांगितले ते सगळे या दोन गोष्टींतून निघालेले आहे, असे माझे मत आहे.

मुलीच्या बारशाच्या वेळी त्यांची पहिली परीक्षा झाली. जातीच्या रिवाजाप्रमाणे भाऊबंदांना दारू आणि मटणाचे जेवण घालावयाचे होते. घरात नसेल तर कर्ज काढावे, पण रिवाज मोडू नये, अशी पद्धत. डेबूजींनी साधे गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले. आपणांपैकी ज्यांनी कधी साधा निकाह करण्याचा विचार घरात बोलून दाखवला असेल त्यांना हे रुसणे ओळखीचे वाटेल. परक्याशी भांडणे सोपे. घरातल्या फुफीची, मामूची नाराजी पत्करणे कठीण. खर्च वाढतो तो बहुधा तेथेच, हौसेपेक्षा भीतीने.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि एक मातीचे गाडगे. तेच डोक्यावर घालायचे, त्यातच पाणी प्यायचे, त्यातच भाकरी खायची. लोक गाडगेबाबा म्हणू लागले आणि खरे नाव मागे पडले. एखाद्या गावी पोहोचले की आधी रस्ते झाडायचे, गटारे उपसायची. काम केल्यावाचून भाकरी मागायची नाही. रात्री कीर्तन. ते कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. वऱ्हाडी बोलीत समोरच्या शेतकऱ्याला ते विचारीत की कर्ज किती आहे, कशासाठी काढले, मुलगा कोठे आहे. उत्तर देता देता माणूस आपल्याच तोंडाने आपला हिशेब मांडून बसे. पाया पडायला कोणी वाकले तर त्यांना राग येई.

त्यांच्या सांगण्यातला खर्चाचा क्रम मोठा विलक्षण होता. घरातली भांडी विकावी लागली तर विकावीत, भाकरी हातावर घेऊन खावी. बायकोसाठी कमी किमतीचे लुगडे घ्यावे. पाहुण्यांचा पाहुणचार आटोपशीर करावा. सण, लग्न, तीर्थयात्रा यांपैकी कशासाठीही सावकाराच्या ओट्यावर चढू नये. परंतु मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नये. कपात कोठून सुरू करायची आणि कोठे थांबायची, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. आपण नेमका उलटा क्रम लावतो. अडचण आली की पहिली कात्री मुलीच्या बारावीला लागते आणि मांडवाच्या रोषणाईला सर्वांत शेवटी. हल्ली तर हप्त्यावर मोटारसायकल आणि मोबाईल घरी येतात. सावकाराचा ओटा नाही, म्हणून ते ऋण आहे असेच कोणाला वाटत नाही.

काटकसर आणि कंजूषपणा एकच, असा काहींचा समज असतो. गाडगेबाबांकडे पाहावे. हजारो लोकांनी त्यांच्या शब्दावर पैसा दिला. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे घाट झाला; सदावर्ते, गोरक्षणे, वसतिगृहे, शाळा निघाल्या. ज्यांना अस्पृश्य म्हणून कोठे थारा मिळत नसे त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि तेथली वास्तू १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणासाठी देऊन टाकली. संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे सोपवला. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. बाबा मात्र त्या इमारतींत पाहुणा म्हणूनही रमले नाहीत. भाकरी बाहेरून मागून आणायची आणि गाडग्यात खायची, हा नेम मोडला नाही. लोकांच्या पैशाचा घास आपल्या पोटात जाऊ नये, एवढा तो सावधपणा होता. संस्था चालवणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाचून जरा अवघडल्यासारखे होते, आणि ते बरेच आहे.

या चरित्राची एक दुसरी बाजूही आहे. ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. घर सोडले तेव्हा कुंताबाई आणि मुलेबाळे मागे राहिली. संसार त्या माउलीने ओढला. पुढेही धर्मशाळेतल्या सुखसोयी बाबांनी आपल्या माणसांना लागू दिल्या नाहीत. त्यांना झोपडीतच राहावे लागले. एकुलता मुलगा गोविंदा तरुणपणी, १९२३ साली, वारला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करीत होते आणि त्यांनी ते कीर्तन थांबवले नाही. लोक याला धैर्य म्हणतात. मला कुंताबाईंची आठवण येते. असे जगणे सर्वांनी अंगीकारावे असे मी म्हणणार नाही, आणि खुद्द बाबांनीही गृहस्थांना घर सोडायला कधी सांगितले नाही. संसार नेटका करा, कर्जाशिवाय करा, मुले शिकवा, एवढेच त्यांचे मागणे होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी त्यांचा स्नेह होता, तो याच शिक्षणाच्या ओढीमुळे. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्याच महिन्याच्या २० तारखेला, अमरावतीकडे जात असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. त्यांची समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली सुरू झाले, आणि २००५ पासून त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील मुलामुलींच्या पदवीपत्रावर, कधीही शाळेत न बसलेल्या त्या माणसाचे नाव छापलेले असते.