तारामती ते जोधाबाई

'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, दिलीपकुमारची आई, एवढीच दुर्गाबाई खोट्यांची माझी ओळख होती. मग 'मी दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र हातात पडलं आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीने ते चक्क सबमिशनच्या आठवड्यात वाचून संपवलं!

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा. माहेर लाडांचं, सुखवस्तू. शाळा मुंबईची कॅथिड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. कॉलेजात असतानाच खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झालं. पुढे त्या घरातला पैसा आटला, पदरात दोन मुलं. शिकवण्या करून भागेना, तेव्हा १९३१ साली त्यांनी 'फरेबी जाल' या चित्रपटात एक छोटी भूमिका केली. पैसे मिळाले, पण चित्रपट इतका सुमार निघाला की बाईंची नाचक्की झाली. त्या काळी घरंदाज बाईने पडद्यावर येणं हीच मुळात बदनामी, त्यात हे!

आपल्याकडे एक केटी लागली तरी लोक चार दिवस मेसला तोंड दाखवत नाहीत. इथे तर सगळ्या मुंबईत बोभाटा. अशा वेळी प्रभातच्या शांतारामबापूंनी त्यांना 'अयोध्येचा राजा'साठी विचारलं, आणि बाई पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मला त्यांचं खरं धाडस इथे वाटतं. पहिल्या वेळी काय होईल हे माहीत नव्हतं, दुसऱ्या वेळी पुरतं माहीत होतं. १९३२ च्या त्या बोलपटात प्लेबॅक वगैरे भानगड नव्हती, अभिनय करता करताच गायचं. त्यांची तारामती लोकांनी डोक्यावर घेतली. मग चांगल्या घरच्या इतर मुलींनाही हा रस्ता जरा मोकळा झाला.

'अमर ज्योती'त (१९३६) तर त्या समुद्री चाच्यांच्या राणी झाल्या. एकाच कंपनीला बांधून न घेता त्या कलकत्त्यापर्यंत जाऊन काम करत. नाटकंही केली. 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई त्यांची, आणि शिरवाडकरांनी मॅकबेथवरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मधली लेडी मॅकबेथही त्यांचीच. हे नाटक बघायला मिळालं असतं तर मी टेस्टसुद्धा बुडवली असती.

१९८० च्या 'कर्ज'मध्येही त्या आहेत, म्हणजे कारकीर्द तब्बल ४९ वर्षांची. १९८३ साली फाळके पुरस्कार मिळाला. आणि आपल्या आईबाबांच्या आवडीची दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' (१९८८) ही मालिका त्यांच्याच संस्थेने काढलेली! त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९१ मध्ये, बाई वारल्या.