कैदेतून परतलेला राजा : छत्रपती शाहू आणि कैद्यांचा हक्क



कोल्हापुरात कावळा नाक्यावरचा महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आपण कितीदा तरी पाहिला असेल. पन्हाळ्यावर मुलाबाळांना घेऊन गेलात तर त्यांचा वाडाही दाखवला असेल. कोल्हापूरची गादी ज्यांनी स्थापिली, त्या या महाराणींचे आयुष्य त्यांच्या एका पुतण्याच्या आयुष्याशी कायमचे गुंतलेले आहे. तो पुतण्या म्हणजे साताऱ्याचे छत्रपती शाहू. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारणारे आपले राजर्षी शाहू ते हे नव्हेत. हे शाहू त्यांच्याही दोनशे वर्षे आधीचे, छत्रपती शिवाजी महाराजांचे नातू. वयाच्या सातव्या वर्षी ते युद्धकैदी झाले आणि पंचविशीच्या उंबरठ्यावर घरी परतले. त्यांच्या चरित्राकडे आज आपण एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने पाहू या : हाती सापडलेल्या माणसाशी कसे वागावे?

शाहूंचा जन्म १६८२ सालचा. त्यांचे वडील छत्रपती संभाजी महाराज १६८९ च्या प्रारंभी संगमेश्वरी पकडले गेले आणि मार्च महिन्यात बादशहा औरंगजेबाच्या छावणीत हालहाल करून त्यांना ठार मारण्यात आले. वाचकहो, या घटनेविषयी बोलताना आपण संकोच करू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शत्रूचीही विटंबना करण्यास आणि अवयव छाटण्यास सक्त मनाई केली आहे. बादशहाच्या कृत्याचे मोजमाप कुरआन आणि सुन्नतने करायचे असते. बादशहाच्या कृत्यावरून दीनचे मोजमाप होत नसते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या हाती आले. येथून पुढे मात्र त्यांच्या वाट्याला वेगळी वागणूक आली. सात वर्षांच्या त्या मुलाला राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब देण्यात आली. बादशाही डेऱ्यांच्या जवळच मायलेकांना ठेवण्यात आले. त्यांच्यावर पहारा होता, पण त्यांचा मान राखला जाई. या काळात त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम. औरंगाबादचा बीबी का मकबरा जिच्या स्मरणार्थ उभा आहे, त्या दिलरस बानूंची ही लेक. ती आजन्म अविवाहित राहिली. दिल्लीच्या दर्यागंजातील झीनतुल मसाजिद ही मशीद तिनेच बांधविली. पित्याच्या शत्रूच्या पोरक्या मुलावर तिने माया केली आणि त्याच्या आईला आधार दिला. आसक्ती असूनही आपले अन्न गोरगरिबाला, अनाथाला आणि कैद्याला देणाऱ्यांची जी प्रशंसा कुरआनच्या सूरह दहरमध्ये आली आहे, तिचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. शाहू तर अनाथही होते आणि कैदीही.

या कैदेत एक कसोटीचा प्रसंग आला. शाहूंनी इस्लाम स्वीकारावा, असा आग्रह बादशहाने धरला आणि शाहूंनी तो मान्य केला नाही. अखेर त्यांच्याऐवजी सेनापती प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव यांनी धर्मांतर पत्करले, असे इतिहासग्रंथ सांगतात. धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नाही, हे सूरह बकरहने स्पष्ट केलेले आहे. ज्याच्या दाराशी पहारेकरी उभा आहे, त्याच्या होकाराला होकार कसे म्हणावे? ईमान ही मनाची कबुली आहे. ती सुटकेची किंमत म्हणून मागता येत नाही आणि कोणाच्या बदल्यात कोणी देऊही शकत नाही.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. शाहजादा आझम तख्तासाठी उत्तरेकडे निघाला आणि शाहूंनाही सोबत नेले गेले. मे महिन्यात भोपाळजवळच्या दोराहा येथे त्यांची मुक्तता झाली. परतीच्या वाटेवर त्यांनी खुलदाबादला जाऊन बादशहाच्या साध्या, उघड्या कबरीचे दर्शन घेतले. ज्याने आपल्या पित्याचा जीव घेतला आणि ज्याच्या छावणीत आपण वाढलो, त्याच्या कबरीपाशी उभ्या राहिलेल्या त्या तरुणाच्या मनात काय दाटून आले असेल, याचा विचार आपणच करावा.

परंतु ही मुक्तता अपुरी होती. येसूबाई आणि शाहूंची पत्नी सावित्रीबाई यांना ओलीस म्हणून मागे ठेवून घेण्यात आले. जो आईला आणि तिच्या लेकराला एकमेकांपासून दूर करील, त्याला अल्लाह कयामतच्या दिवशी त्याच्या प्रियजनांपासून दूर करील, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे. फिकहच्या जाणकारांनी ही ताकीद लहान मुलांच्या संदर्भात मांडली, हे खरे. तरी आईच्या काळजाला लेकराचे वय कळत नाही. पुढे बाळाजी विश्वनाथांनी सय्यद बंधूंशी केलेल्या करारात येसूबाईंच्या सुटकेचे कलम आले आणि १७१९ च्या जुलैमध्ये त्या साताऱ्यास पोहोचल्या. रायगड सोडल्यास तेव्हा जवळजवळ तीस वर्षे लोटली होती.

इकडे घरी परतलेल्या शाहूंना घराने लगेच ओळखले नाही. मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या ताराराणींनी त्यांना तोतया ठरविले. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेड येथे लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराराणींनी पन्हाळ्यावर आपल्या पुत्राची स्वतंत्र गादी मांडली. पण १७१४ साली त्यांची सवत राजसबाई यांनी त्यांनाच पुत्रासह पन्हाळ्यावर कैदेत टाकले आणि आपला मुलगा संभाजी यास गादीवर बसविले. घरच्यांच्या कैदेतच ताराराणींच्या पुत्राचा अंत झाला.

आता त्या प्रसंगाकडे वळू, ज्यासाठी हे चरित्र आपल्यासमोर मांडले. १७३० च्या अखेरीस शाहूंच्या फौजेने वारणाकाठी कोल्हापूरकरांच्या छावणीवर अचानक छापा घातला. संभाजी पन्हाळ्याकडे निसटले, पण ताराराणी आणि राजसबाई दोघीही पकडल्या गेल्या. तेवीस वर्षांपूर्वी ज्या चुलतीने तोतया म्हणून दार लावून घेतले होते, ती आज कैदी म्हणून समोर उभी होती. शाहूंनी सूड घेतला नाही. या स्त्रियांना सन्मानाने पन्हाळ्यास पोहोचवावे, असा हुकूम त्यांनी दिला. राजसबाई परत गेल्या. ताराराणींनी मात्र परतण्यास नकार दिला. पन्हाळ्यावर त्यांची वाट पाहत होती ती कैदच, म्हणून त्यांनी साताऱ्यास पुतण्याकडे राहणे पसंत केले. पुढे कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघे चुलतभाऊ भेटले आणि एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. आजही कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या मधून तीच नदी वाहते.

वाचकहो, युद्ध संपल्यावर कैद्यांना उपकार म्हणून सोडावे किंवा खंडणी घेऊन सोडावे, अशी आज्ञा सूरह मुहम्मदमध्ये आहे. बद्रच्या युद्धात सत्तर कैदी हाती आले, तेव्हा सहाबांनी स्वतः खजुरांवर भागवून त्यांना भाकरी खाऊ घातली. ज्यांच्याजवळ खंडणी नव्हती पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतील दहा-दहा मुलांना साक्षर केले आणि ते मुक्त झाले. हुनैननंतर तर हवाझिन कबिल्याचे सुमारे सहा हजार कैदी काहीही न घेता परत पाठविण्यात आले.

शाहू मुसलमान नव्हते. पण ज्याने कैद सोसली आणि त्या कैदेत एका बेगमची माया अनुभवली, त्याने सत्ता हाती येताच कैद्याची वेदना ओळखली. १७४९ साली साताऱ्यास त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी कोणाच्या हाती युद्धकैदी येणार नाहीत. पण घरात आश्रयाला आलेली विधवा नणंद, कर्जात अडकलेला शेजारी, दुकानातला पोरका नोकर, वाटणीच्या भांडणात हरलेला भाऊ, ही माणसे आपल्या हाती असतात. त्यांच्याशी आपण कसे वागलो, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. या महिन्यात अशा एका तरी माणसाचे ओझे हलके करा आणि मुलांना सोबत घेऊन करा. सामर्थ्य असताना क्षमा करण्याची बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.